सोडलेली दोन पानं

"थांबा जी, सर."

मागच्या भिंतीला टेकून बसलेले बाबाजी तळहात वर करायचे आणि माझं वाचन अडायचं.

लाखनीच्या आमच्या बुद्धविहारात पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचणारा मी, शाळेतला मास्तर. माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणत, आणि मलाही ते मान्य होतं. बाबाजी राइस मिलमध्ये पोती उचलणारे, अक्षरओळख नसलेले. ऐकण्याचं काम फारच मनावर घेणारा असा एक माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

ते रोज एक वाक्य घरी घेऊन जात. खोटं बोलू नये असं वाचलं, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगत, "काल दोनदा खोटं बोललो जी. एकदा मुकादमाशी, एकदा बुढीशी."

"दोनदा नाही, तीनदा," बायकांत बसलेली त्यांची बायको म्हणे, आणि सारा विहार हसे.

मला मात्र हसू येत नसे. आश्विन पौर्णिमेच्या आत ग्रंथ संपवायचा होता. त्या दिवशी समारोप, खीर आणि वाचकाला शाल. निम्मा ग्रंथ बाकी, आणि यांचा हात ओळीओळीला वर. मग मी पानं सोडू लागलो. कोणाला कळणार होतं?

एका संध्याकाळी रागीट भिक्खूची गोष्ट आली. रागाच्या भरात त्यानं सोबत्याचं भिक्षापात्र फोडलं, इथवर वाचलं आणि लाइन जाऊन अंधार झाला. दुसऱ्या दिवशी दोन पानं गाळून मी सरळ पुढचा पाठ काढला.

"थांबा जी, सर. त्या भिक्खूचं का झालं?"

"झालं ते. पुढे ऐका."

"असा रागीट माणूस जागा होते का नाही, तेवढं सांगा जी. मले पायजे."

का पाहिजे, हे मला माहीत होतं. रागात त्यांनी तरण्या पोरावर काठी चालवली होती. पोरगा साकोलीला निघून गेला, आणि सहा वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं. हे ठाऊक असूनही मी म्हणालो, "तुम्हाला वाचता येतं का? नाही ना? मग गुमान ऐका."

बाबाजींनी हात खाली घेतला. "बराबर हाये जी," म्हणाले.

त्यानंतरही ते रोज आले, पण दाराबाहेर, चपलांजवळ बसू लागले. ग्रंथ वेळेत संपला. माझ्या सत्काराला टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते. मला लाज वाटली, पण शाल अंगावरून काढण्याइतकी नाही.

एकदा त्यांच्या घरी जाऊ, माफी मागू, ती पानं वाचून दाखवू, असं ठरवण्यातच माझा हिवाळा गेला. उन्हाळा लागता लागता बाबाजी मिलमध्येच कोसळले, ते उठलेच नाहीत.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात मलाच वाचायला सांगितलं. समोर त्यांचा मुलगा बसला होता. मी ती दोन पानं काढली. भिक्खू स्वतःच्या रागावर नजर ठेवायला शिकतो. राग उठायच्या आधीच त्याला तो दिसू लागतो. मग एक दिवस तो नवं पात्र घेऊन सोबत्याकडे जातो. सोबती म्हणतो, मी तर तुझी वाटच पाहत होतो. एवढंच होतं. वाचायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मुलानं तोंड फिरवून घेतलं. मी प्रत्येक वाक्याशी थांबत होतो, मागच्या भिंतीकडे बघत होतो. कोणीच हात वर केला नाही.