शिखर दिसणारी खोली

तुळजापूरला मुक्कामाला जायचं तर कुठल्या आळीत उतरावं, असं मला आजवर बऱ्याच जणींनी विचारलंय. मी प्रत्येकीला वेगळं उत्तर दिलंय, कारण या एका प्रश्नावर माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. नातीच्या हट्टापायी आता सगळं लिहूनच काढते. निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. जगात दुसरी मोठी लढाई चालू होती आणि साखर, रॉकेल दोन्ही मुश्किलीनं मिळायचं.

माकणीच्या आमच्या मळ्यात विहीर खणत होते आणि नुसता दगड लागत होता. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, नवस बोलला की पाणी लागलं तर माझ्या दोन्ही सुना तुळजापुरात पाच दारी जोगवा मागतील. हातात परडी घ्यायची, देवीचं नाव घेऊन दारात उभं राहायचं आणि घरची बाई पीठ घालील ते घ्यायचं, असा जोगवा. पाणी लागलं, तेव्हा जाणं आलं.

एरवी दरसाल आत्याबाईच आम्हा सुनांना घेऊन जायच्या. उतरायचं ते आमच्या घराण्याच्या पुजाऱ्यांकडं. त्यांच्या घराला माडीवर एकच खोली, आणि तिच्या खिडकीतून अंथरुणावर पडल्या पडल्या देवळाचं शिखर दिसायचं. तिथं आत्याबाई झोपायच्या, आम्ही सुना खाली पडवीत. त्या साली त्यांचे गुडघे धरले होते. आता त्या खोलीत जी झोपेल ती घरची पुढची कारभारीण, हे कुणी तोंडानं बोललं नाही तरी मला पक्कं ठाऊक होतं. थोरली मीच, त्यामुळं खोलीही माझीच धरून चालले होते.

पण धाकटी जाऊ कमळी तेव्हा माहेरी तामलवाडीला होती, आणि तामलवाडी म्हणजे तुळजापूरच्या उंबऱ्यात. आम्ही नवराबायको मात्र माकणीहून बैलगाडीनं लोहाऱ्यावरून जळकोटपर्यंत हाडं खिळखिळी करत आलो. तिथं एका ओळखीच्या ओसरीवर रात्र काढली, ज्वारीची भाकरी आणि पातळ पिठलं खाल्लं आणि सकाळी मोटार धरली. त्या दिवसांत पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशावर चालायच्या. मागं भट्टी, तिचा धूर सगळा आत. नळदुर्गला चहा बरा मिळाला, पण गुळाचा. पुढं चढ आला की कंडक्टर ओरडायचा, "उतरो अम्मा, उतरो! चढ है, गाडी दम नै धरती." मग आम्ही पायी आणि मोटार मागून धापा टाकत. तशी वाट सुंदर होती, दोन्ही बाजूंना तूर आणि ज्वारी हिरवीगार उभी. मी मनातल्या मनात माडीच्या खोलीत अंथरूण टाकत होते.

पुजाऱ्यांच्या दारात पोचलो आणि माझी नजर आधी वर गेली. माडीच्या कठड्यावर हिरवं लुगडं वाळत होतं. कमळीचं.

"या, पाय धुवा," पुजारीणबाई म्हणाल्या. "तुमच्या जावंला माडी दिलीया. कालच आलीया ती."

"कुणी सांगितलं द्यायला?"

"सांगायचं काय त्यात? मोकळी व्हती."

तेवढ्यात कमळी जिन्यावरून धावत आली. "आक्का, वर या की! शिखर कसं दिसतंय बघा तरी!" म्हणजे खोली घेतली ती घेतली, वर मलाच दाखवायची हौस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या चेहऱ्यावर कसलाही डाव नव्हता, याचा मला जास्तच राग आला.

नवऱ्याला म्हटलं, मी इथं राहायची नाही. तो म्हणाला, "अगं, पाठ टेकली की शिखर काय आन् आढं काय?"

"मग तुमी टेका हितं. म्या चालले."

बिचारा वळकटी उचलून माझ्या मागं निघाला. त्या एका दुपारी मी तुळजापूरच्या जेवढ्या आळ्या पाहिल्या तेवढ्या भल्याभल्या यात्रेकरूंनी पाहिल्या नसतील, म्हणून माझं ऐका. मोटारींच्या थांब्याजवळ जागा लगेच मिळे, पण पहाटेपासून मोटारींच्या भट्ट्या पेटायच्या, त्यामुळं झोप नाही. कमानवेशीकडं धर्मशाळा स्वस्त, पण ढेकणांची आणि आपली एकच चटई. बाजारात एका दुकानावरची खोली मला फार आवडली. मालक सोलापूरच्या यात्रेकरूंना सोकावलेला, त्यानं इंग्रजी कलदार रुपये मागितले. आमच्या कमरेला निजामाचा हाली शिक्का. शेवटी खालच्या आळीत राधाबाई नावाच्या तेलिणीकडं घाण्याशेजारची खोली मिळाली.

मी तिला एकच विचारलं, "पुजाऱ्यांच्या घरापासनं लांब हाय ना?"

"बाजारातनं वळसा घालून गेलं तर लई लांब," ती म्हणाली. मला तेवढंच ऐकायचं होतं.

राधाबाईनं संध्याकाळी गरम भाकरी चुरली, तिच्यावर घाण्यावरचं ताजं करडईचं तेल ओतलं, मीठ-तिखट घालून माझ्यापुढं ठेवलं. शेजारची चांदबी, बांगड्या भरणाऱ्या मणियाराची बायको, भिंतीवरून डोकावून गप्पा मारत होती. दोघी कशावरून तरी पोट धरधरून हसत होत्या. मी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. कमळी आता शिखर बघत असेल, एवढंच डोक्यात. अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड होतं. त्याच्या फांद्यांमधून वर उंचावर कुणाच्या तरी खिडकीत कंदील दिसत होता आणि एक बाई आरामात रेलून बसली होती. कोण कुठली, पण तिचाही मला हेवा वाटला. जगातल्या सगळ्या बायकांना खिडक्या आणि मला तेवढा घाणा.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. न्हाऊन, कपाळभर कुंकू लावून मी परडी घेतली. ठरवलंच होतं की पाचही दारं खालच्या आळीतलीच. पहिलं राधाबाईचं. दुसरं चांदबीचं; ती म्हणाली, "ठैरो बाई, हात धोके देती," आणि ओंजळभर ज्वारीचं पीठ घेऊन आली. तिसरं सोनाराचं, चौथं एका मास्तरांचं. पाचव्या दारी पोचले तर तिथं सुतक. तिथला जोगवा चालत नाही. आळी संपली होती. पुढं दोन भिंतींच्या मधून दगडी पायऱ्या वर जात होत्या. चढले. वर एक परसदार होतं, ओळखीचं काहीच नव्हतं. मान खाली घालून पदर सावरला आणि हाक दिली, "आई अंबाबाईचा जोगवा!"

दार उघडलं. समोर कमळी, हात पिठानं भरलेले.

म्हणजे खालची आळी पुजाऱ्यांच्या घराला मागून चिकटलेली. तुळजापूर उतारावर वसलंय. रस्त्यानं जे लांब ते पायऱ्यांनी पाठीला पाठ लागून असतं. मी आजवर नेहमी पुढूनच आले, मागून कधी पाहिलंच नव्हतं. आता परत फिरावं तर हाक दिलेली होती. एकदा दारात देवीचं नाव घेतलं की परडी रिकामी घेऊन मागं फिरता येत नाही. जिच्यापासून तोंड लपवायला मी आख्खं गाव पालथं घातलं, तिच्याच दारात मी भीक मागत उभी.

"आक्का! तुमीच व्हय!" ती आत पळाली, दोन्ही ओंजळी भरून पीठ आणलं, माझ्या परडीत घातलं आणि वाकून माझ्या पाया पडली. मग स्वतःची परडी घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"आता मला घाला. माझी चार दारं सकाळीच झाली. पाचवं तुमचं राखून ठिवलंय. कालधरनं इचारतीया, तुमी कुठं उतरला ते कुणीच सांगंना."

"माझंच का?"

"आत्याबाईंनी सांगितलंय, पाचवं दार जावंचं. दुसऱ्या कुणाचं चालत न्हाय."

मी माझ्या परडीतलं मूठभर पीठ तिच्या परडीत घातलं. पण भक्तीनं नव्हे. हे हिला सांगितलं आणि मला नाही! खोली गेली ती गेली, वर सासूचा विश्वासही हिलाच.

"वर येता? खिडकीत बसू दोघी. काल रातच्याला म्या एकलीच बसले व्हते. खाली लिंबाच्या झाडामागं कुणाच्या तरी घरात लई हसत व्हते."

मी वर पाहिलं. तीच खिडकी. म्हणजे एकाच बाईवर मी एका दिवसात दोनदा जळले होते. काम आहे म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

माकणीला परतल्यावर पाय धुण्याआधी आत्याबाईंना गाठलं. त्या ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या.

"पाचव्या दाराचं कमळीला सांगितलंत, मला का न्हाय?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुला सांगितलं असतं तर तू चार दारांवरच माघारी आली असतीस."

मग मी खरं ते विचारलं. "आन् माडीची खोली? ती कुणाला द्यायची म्हणला होता?"

"कुणाला म्हणू? म्या अजून जित्ती हाय की."

पुढच्या साली त्यांचे गुडघे आणखी बसले. विहिरीला पाणी लागलं म्हणून देवीला लुगडं नेसवायचं ठरलं होतं, ते घेऊन पुन्हा आम्हीच निघालो. या खेपेला मी कमळीच्या एक मोटार आधी धरली. माडी मोकळी होती. वळकटी सोडून मी आडवी झाले आणि खरंच सांगते, शिखर फार देखणं दिसतं. दिवस मावळताना त्याच्यावर तांबूस उजेड पडतो, खालून घंटा ऐकू येते. मी पोटभर पाहिलं. तेवढ्यात खाली कुणीतरी मोठ्यानं हसलं.

मी उठून खाली वाकून पाहिलं. राधाबाईच्या अंगणात पाटावर कमळी बसली होती. आल्या आल्या ती म्हणे थेट तिथंच उतरली. चांदबी भिंत ओलांडून आत येऊन तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती, राधाबाई चुरलेल्या भाकरीवर ताजं तेल ओतत होती.

कमळीला मी दिसले. "आक्का, एकल्या काय बसलाय? खाली या की!"

मी खिडकी लावून घेतली. तेलाचा वास मात्र फटीतून वर येतच होता.

ती विहीर अजून आहे, पाणीही आहे. तुळजापुरात आता नवी लॉज झाली, रस्ते रुंद झाले, त्यामुळं आळ्यांची माझी माहिती जुनी झाली असेल. तरी कुठं उतरावं असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते, बरोबर जाऊ आहे का? असेल तर आधी तिला उतरू द्या, आणि तिथंच उतरा.