दाबा, सोडा

जीपचा क्लच घरी बदलायचा तर शेवटच्या कामाला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली पाठीवर, एक वर सीटवर. खालचा म्हणतो, "दाबा", वरचा पेडल दाबतो. खालचा म्हणतो, "सोडा", वरचा पाय उचलतो. वरच्याला खालचे हात दिसत नाहीत, खालच्याला वरचा पाय दिसत नाही. सगळं या दोन शब्दांवर चालतं.

त्या दिवशी खाली माझा मेहुणा होता आणि वर मी.

आमचं गाव अहमदपूरकडचं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. लिलावात घेतलेली माझी जुनी फोर व्हील जीप गावासाठी पाणी ओढायची. नदीच्या पात्रात खणलेल्या झऱ्यावरून टाकी भरायची, ट्रॉली जीपला जोडायची आणि वाळूतून चढ चढायचा. एक दिवस चढावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. गाडी जागची हलेना. जळका वास सुटला. क्लचप्लेट संपली होती.

खरं तर ती पाण्याच्या ओझ्यानं संपली नव्हती. गाडी चालवताना डावा पाय क्लचच्या पेडलवर टेकवून ठेवायची मला सवय होती, त्यानं प्लेट सतत घासते. मेहुणा बाजूला बसला की म्हणायचा, "दाजी, पाय काढा की. जरा झोपू द्या तिला." मी काढायचो. फर्लांगभर गेलं की पाय पुन्हा तिथंच.

तो लोह्याचा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तिनंच कडेवर वाढवलेला. पट्टीचा ड्रायव्हर. लातूरला नवी ऑफिसं उघडत होती, त्यांना गाड्यांवर माणसं हवी होती. त्याला बोलावणं आलं होतं. आठ दिवसांनी गाडी चालवून दाखवायची होती. त्याआधी माझी जीप उभी करून देतो म्हणून तो नांदेडहून नवी प्लेट घेऊन आला.

दोन दिवस आम्ही चिंचेखाली होतो. सीट काढल्या, मधला पत्रा काढला, चिंचेच्या फांदीला साखळी बांधून गिअरबॉक्स मागं ओढून उतरवला. जुनी प्लेट निघाली तेव्हा तिच्यावर रिबिटांशिवाय काही उरलं नव्हतं. त्यानं ती माझ्यापुढं धरली, माझ्या डाव्या पायाकडं बघितलं आणि हसला. नवी प्लेट बरोबर मधोमध बसावी म्हणून त्यानं सुताराकडून बाभळीचा एक दांडा कातून आणला होता. तो दांडा आत घालून त्यानं प्लेट बसवली. गिअरबॉक्स एका दमात चढला. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त पेडलची चाल, म्हणजे ते किती दाबल्यावर क्लच सुटतो ते, लावायची राहिली. ड्रायव्हरची सीट परत ठेवून मी वर बसलो.

दाबा, सोडा, असं पाचसहा वेळा झालं. मग तो "सोडा" म्हणाला आणि मी सोडलं. त्यानंतर तो काही बोलला नाही. नटाची पिन निसटून, पेडल दाबलं की मिटते त्या आतल्या फटीत पडली होती, ती तो दोन बोटांनी काढत होता. हे मला नंतर कळलं. पण त्यानं दाबा म्हटलेलं नव्हतं, एवढं मला तेव्हाही माहीत होतं.

माझा पाय सवयीनं पेडलवर जाऊन टेकला. तेवढ्यात वेशीकडं गलका झाला. सरकारी टँकर आला होता, बाया घागरी घेऊन पळत होत्या. बघायला म्हणून मी सीटवरून अर्धा उठलो. सगळा भार डाव्या पायावर आला.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापाशी तुटली.

दवाखान्यात बायको धावत आली. कसं झालं म्हणून तिनं मला विचारलं. तिच्याकडं बघून मी म्हणालो, "तो दाबा म्हणाला. मी दाबलं."

मेहुणा बाकावर हात उंच धरून बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बहिणीला म्हणाला, "म्हणलो असंन, अक्का. ध्यानात न्हाई."

पुढं कुणीतरी डोकं लावलं की तो "दाबू नका" म्हणाला असणार आणि दाजींना नुसतं "दाबू" ऐकू आलं असणार. मी ते उचलून धरलं. त्यात माझा दोष कमी आणि त्याचाही कमी. सगळ्यांना पटलं. हळूहळू त्या प्रकाराची गोष्ट झाली. आमच्या घरात कुणी बोलता बोलता अडखळलं की दुसरा म्हणायचा, "पुरं बोल बाबा, न्हाईतर दाजी दाबतील." सगळ्यात रंगवून ती तोच सांगायचा, अर्धी बोटं नाचवत. लोक हसायचे. मीही हसायचो.

लातूरची नोकरी गेली. हाताला पट्टी असलेल्या माणसाला कोण गाडी देणार? हात बरा झाला तोवर जागा भरली होती. त्यानं लोकांचे ट्रॅक्टर चालवले, मग एका आडतीवर राखण केली. त्याची बायको त्याला येताजाता ऐकवायची की तोंड सांभाळलं असतं तर साहेबाच्या गाडीवर असतात. तो ऐकून घ्यायचा. मी समोर असलो तर मीही ऐकायचो आणि चहा प्यायचो.

माझी बायको गेली त्याला चार वर्षं झाली. तिला मी सांगितलं नाही. मेहुणा यंदा गेला. माती देऊन माणसं घरी परतली, तेव्हा त्याच्या थोरल्या मुलानं ओसरीवर तीच गोष्ट काढली. "दाबू... नका." माणसं डोळे पुसत हसली. मला बसवेना.

आता गावात या घरात मी एकटाच आहे. जीप चिंचेखाली आहे. अजून सुरू होते. पेडलची चाल गेली होती, ती लावायला परवा मी खाली शिरलो. दाबायला वर कुणी नाही, म्हणून सीट आणि पेडल यांच्यात काठी अडकवायची, खाली जायचं, नट फिरवायचा, परत वर येऊन काठी काढायची. या वयात एकेका खेपेला दम लागतो. एकदा काठी काढून खाली आलो आणि ती फट दिसली. तिच्यात मी माझी दोन बोटं घातली. वर कुणी नव्हतं, तरी ती फार वेळ ठेववली नाहीत.

काल लोह्याला गेलो. मेहुण्याच्या बायकोला सगळं सांगितलं. तीही नवऱ्यासारखी मला दाजीच म्हणते. ती शेंगा फोडत होती. माझं बोलणं संपलं तरी फोडत राहिली. मग म्हणाली, "मी त्यांना जन्मभर बोलले, दाजी. जेवताना बोलले."



उठून तिनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "लिहून द्या. पोरं माझं ऐकायची न्हाईत. त्यांना ती गोष्ट लई आवडती."

म्हणून लिहिलं आहे. तो "दाबा" म्हणाला नव्हता. "दाबू नका" असंही म्हणाला नव्हता. तो काहीच बोलला नव्हता. तो खाली काम करत होता आणि पेडलवर पाय माझा होता. हा कागद घेऊन उद्याच्या गाडीनं लोह्याला जाईन आणि पोरांना एकत्र बसवून तिच्यासमोर मीच वाचून दाखवीन.