बाइंडरचा रविवार

छापखान्यात त्याला सगळे बाइंडर म्हणत. छापील पानांचे फॉर्म जुळवणं, शिलाई, पुठ्ठा चढवणं, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. घरी त्याच्याकडे दुसरं काम होतं. थोरला भाऊ वायरमन होता. शिडीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. वहिनी आधीच वारलेली, मूलबाळ नाही. बाइंडरचं स्वतःचं लग्न राहूनच गेलेलं. त्यामुळे दादाला उठवणं, आंघोळ घालणं, कुशीवर वळवणं हे सगळं ओघानेच त्याच्यावर आलं. छापखाना गल्लीच्या टोकालाच होता. दुपारी तो धावत घरी यायचा, दादाला खुर्चीतून पलंगावर घ्यायचा आणि तोंडातला घास संपायच्या आत परत कामावर.

दादाही सोपा माणूस नव्हता. परक्याचा हात अंगाला लागलेला त्याला खपायचा नाही. मधली बहीण, अक्का, दूरच्या गावी होती. ती फोनवर म्हणायची, "अरे, एखादा माणूस ठेवा." दादा म्हणायचा, "त्यापेक्षा मला पोत्यात घालून ठेवा." बाइंडर हसायचा. खरं सांगायचं तर त्यालाही ते बरंच वाटायचं.

मग त्याच्या जांघेत गाठ आली. खोकला आला की दुखायची. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हर्निया आहे, ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर काही महिने वजन उचलायचं नाही.

"मग राहू द्या," बाइंडर म्हणाला.

"राहू द्या म्हणजे? तुम्हीच आडवे झालात तर भावाचं कोण बघणार?"

"नाही होणार आडवा."

त्याने गाठ दाबून धरणारा पट्टा आणला आणि शर्टाच्या आत बांधला. घरात हूं की चूं केलं नाही. उचलताना श्वास रोखायचा आणि दादाला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडे करायचं, एवढं त्याने शिकून घेतलं.

एके सकाळी आंघोळीनंतर दादाला पलंगावर घेताना त्याच्या पोटात अशी कळ उठली की तो मटकन खाली बसला. दादा अर्धा गादीवर, अर्धा लोंबकळत. दोन्ही हातांनी पलंगाचा गज धरून तो कसाबसा थांबला. बाइंडरचा शर्ट वर सरकला होता.

"हे काय?"

"पट्टा."

"पट्टा दिसतोय मला. कधीपासून?"

जरा दम खाऊन बाइंडरने दादाला वर ओढून घेतलं, अंग पुसलं, कपडे घातले. संध्याकाळी ताट पुढे आलं तेव्हा दादा ते बाजूला सारून म्हणाला, "अक्काला फोन लाव. म्हणावं, पाठव कोण तो."

तो आला. इस्पितळात वॉर्डात काम करून निवृत्त झालेला, पन्नाशी उलटलेला, दणकट. पहिल्याच दिवशी दादाने त्याचं नाव पैलवान ठेवलं. बाइंडरचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या खाटेवर पडल्या पडल्या तो पाहत राहिला. पैलवान चादर अंगाखालून सरकवून दादाला असा वळवायचा की दादाच्या कपाळाला आठी पडायची नाही. गप्पाही मारायचा. कितीतरी दिवसांनी दादा खळखळून हसला, तेव्हा बाइंडरने कूस बदलली. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"बरा आहे ना तो?" त्याने नंतर विचारलं.

"हात उबदार आहेत. तुझे गार असतात, वर खळ लागलेली."

दादा चेष्टेने बोलला, पण ते बाइंडरला लागलं. टाके सुकले, उचलायची परवानगी मिळाली, तसा तो पैलवानाला म्हणाला, "उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

"तो येणार," दादा पलंगावरून म्हणाला. "उचलायचं ते दोघांनी मिळून. आणि रविवारी तो एकटा बघेल. तू बाहेर जायचं."

"कुठे?"

"ते मला काय विचारतोस? पाय तुला आहेत."

पहिल्या रविवारी तो खरोखरच कुठे जावं हे न सुचून रस्त्यावर उभा राहिला. शेवटी छापखान्याच्या रखवालदाराकडून किल्ली घेतली आणि कागदाच्या थप्पीवर जो झोपला तो उन्हं उतरेपर्यंत. पुढे डॉक्टरांना विचारून नगरपालिकेच्या तलावावर पोहायला जाऊ लागला. लहानपणी दादानेच शिकवलं होतं. परत आला की दादा विचारायचा, पाणी कसं होतं, गर्दी किती होती, आणि बाइंडर खोलीभर हात मारत सांगत बसायचा. उचलताना दोघा भावांची कधी वादावादी व्हायची तीही थांबली.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. दादाची छाती हळूहळू कमजोर होत गेली आणि एका रविवारी तो गेला. बाइंडर तेव्हा पाण्यात होता.

अक्का आली. रडून झाल्यावर तिने विचारलंच, "इतकं केलंस आणि शेवटी तूच नव्हतास?"

"नव्हतो," तो म्हणाला. "पोहत होतो."

पैलवान दाराशी उभा होता. म्हणाला, "सकाळी त्यांनी विचारलं, गेला का तो? मी म्हटलं, गेले. तर म्हणाले, बरं झालं. मग चहा घेतला."

अक्काने डोळे पुसले. बाइंडरला मात्र त्या शब्दांनी लगेच काही हलकं वाटलं नाही. पुढचे कितीतरी रविवार तो रिकाम्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसला. छापखान्यातही सुईत दोरा ओवता ओवता थांबायचा.

मग एकदा सकाळी पैलवान आला. खांद्यावर टॉवेल.

"माझी पाठ गेलीय सगळ्यांना उचलून," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, पाण्यात उतरा. मला तर पाण्याची भीती वाटते. शिकवाल?"

बाइंडरने त्याच्याकडे पाहिलं. एवढा आडदांड माणूस, आणि टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत उभा.

"बसा," तो म्हणाला. "कपडे घेतो."