चाचांच्या पँटच्या चार शिवणी

चाचांच्या पोटात सुया होत्या आणि माझा फोन वाजला. स्टडीच्या मोठ्या सरांचा होता, म्हणून मी उचलला. उचलायला नको होता. पण हे मला कळायला पुढे दीड महिना लागला.

मी ॲक्युपंक्चर करते. मलकापुरात स्टेशनच्या रस्त्यावर एका धान्याच्या दुकानावर खोली भाड्याने घेऊन आम्ही सेंटर काढलं होतं. नाव सेंटर, पण होतं काय? दोन टेबलं, एक पडदा, एक पंखा, तोही सुया लावल्या की बंद ठेवायचा. काम होतं संशोधनाचं. काही लोकांच्या मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात आणि त्या बऱ्याच होत नाहीत. दिवसातून सात-आठ वेळा संडासला पळावं लागतं, रक्त पडतं, मुरडा येतो. याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. गोळ्या असतात, त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. आमचा प्रश्न एवढाच होता, की गोळ्या चालू ठेवून वर सुया आणि मॉक्सा दिला तर जास्त फरक पडतो का. अर्ध्या पेशंटना नुसत्या गोळ्या, अर्ध्यांना गोळ्या आणि आम्ही.

मॉक्सा म्हणजे शेक. आपल्या दवण्याच्या जातीचं एक झुडूप असतं. त्याचा वाळलेला पाला कुटून कापसासारखा करतात, कागदात गुंडाळून विडी वळतात, पेटवतात आणि कातडीपासून दोन बोटं वर धरतात. ऊब आत जाते. वास मात्र असा, की पहिल्याच आठवड्यात खालचे दुकानदार वर आले आणि म्हणाले, "मॅडम, गांजाबिंजा काही नाई ना? आमचं धंद्याचं ठिकाण हाय." त्यांना विडी हातात देऊन हुंगायला लावली, तेव्हा गेले.

या पेशंटमध्ये रफीकचाचा होते. जेन्ट्स टेलर. आमच्यापासून चार दुकानं सोडून त्यांचं दुकान, एक मशीन, एक कपाट. आजार चार वर्षांचा. लग्नाला जाणं बंद, बसने जाणं बंद. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता टेप त्याच्याच हातात देऊन पळावं लागायचं. पहिल्या दिवशी माझी सुई त्यांनी उजेडाला धरून पाहिली.

"हिले नेढं नाई, ताई."

"धागा ओवायचा नाही ना, चाचा."

"मंग टाका पक्का कसा बसन?" म्हणाले आणि स्वतःच हसले. तेव्हापासून आम्ही एका धंद्याचे झालो.

आठवड्यातून तीनदा यायचे. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, बेंबीच्या वर, खाली, आणि दोन्ही गुडघ्यांखाली चार बोटांवर सुया. मग शेक. रोज किती वेळा जावं लागलं आणि रक्त पडलं का, हे पेशंटने घरी एका डायरीत लिहायचं. डायरी आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. औषधाचा गुण त्यावरूनच ठरायचा. आणि त्रास वाढतोय असं डायरीत दिसलं, तर पेशंटला ताबडतोब मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं, असा प्रोटोकॉल होता. वजन आणि रक्ताची तपासणी पहिल्या दिवशी आणि मग एकदम शेवटी. माझ्या खोलीत वजनकाटा नव्हता.

तर तिसऱ्या आठवड्यात तो फोन. सर शहरात बसत. आवाज मोठा, आणि माझा फोनही जुना, पलीकडचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू जाई.

"तुमच्या सेंटरवर फरकच दिसत नाहीये."

"सर, सुरुवात आहे."

"बाकीच्यांची पण सुरुवातच आहे. रिव्ह्यूपर्यंत असंच राहिलं तर मलकापूर बंद करावं लागेल."

"मी काय खोटं लिहू का, सर?"

"खोटं लिहा असं मी म्हटलं नाही. नीट ट्रीटमेंट द्या असं म्हटलं."

फोन ठेवला. चाचा टेबलावर डोळे मिटून पडले होते. मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभावच असा, की संताप आला की तो तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. सुया काढता काढता मी बडबडले, की बंद करा म्हणावं एकदाचं, तीन वर्षं काम शोधून हे मिळालंय, जाईन परत घरी पोळ्या लाटायला. चाचांनी डोळे उघडले. उठताना एवढंच म्हणाले, "असं बोलू नये, ताई. होईन सगळं ठीक."

पुढच्या आठवड्यापासून चाचांची डायरी सुधारली. आठाचे सहा झाले, सहाचे चार. मग "रक्त नाही" असं नीट, शाळेतल्या मुलासारख्या अक्षरात. सहाव्या आठवड्यात दोन. मला आनंदाने काय करू असं झालं. पानांचे फोटो काढून सरांना पाठवले. सरांचा उलट मेसेज, "व्हेरी गुड. हीच केस आपण प्रेझेंट करू." मी तो चाचांना वाचून दाखवला. ते खूश झाले. मी दुसऱ्या पेशंटनाही सांगत सुटले, की बघा, रफीकचाचांकडे बघा.

आणि बघायला होतं तरी काय? इस्त्रीचा शर्ट, पँट कमरेला अगदी बेतून बसवलेली.

"चाचा, तुमच्या अंगावर कपडा कसा बसतो हो."

"टेलरच्याच अंगावर ढगळ कपडा दिसला, तर गिऱ्हाईक येईन का?"

आता कोणी विचारेल, की बाई, तू त्यांचं पोट उघडं करून सुया लावत होतीस, तुला बरगड्या दिसल्या नाहीत? दिसत होत्या. रोजच्या रोज बघणाऱ्याला थोडं थोडं उतरलेलं कळत नाही, हे एक. आणि मला बघायचं नव्हतं, हे दुसरं. आमच्या विद्येत नाडी पाहतात, जीभ पाहतात. मी पाहिली. कागदावर माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, नाडी जलद, जीभ फिकट. नाडीचं विचारलं तर चाचा म्हणाले, जिना चढून आलो ना. मी मान्य केलं. एकदा म्हणाले, "ताई, थोडा जास्ती शेक द्या. एवढा वेळच पोट गप बसते." दिवसातून दोनदाच संडासला जाणारा माणूस असं का म्हणेल, हा प्रश्न मला पडला नाही. महिन्यातून एकदा स्टडीचे डॉक्टर यायचे. त्यांनी डायरी चाळली, छान म्हणाले, त्याच गोळ्या पुढे चालू ठेवल्या.

नवव्या आठवड्यात मंगळवारी चाचा आले नाहीत. फोन केला तर चाचींनी उचलला. म्हणाल्या, "त्याईले अकोल्याले आणलं. पोट फुगलं. ताप हाय."

मिळेल त्या गाडीने गेले. सर्जन तरुण होते, पण बोलायला धारदार. मोठं आतडं फुगून फाटलं होतं, घाण पोटात पसरली होती. लगेच ऑपरेशन. "असा पेशंट दोन दिवसांत इथपर्यंत येत नाही," ते म्हणाले. "महिनाभर तरी रक्त जात असणार. अंगात रक्त उरलेलंच नाही. याला बघत कोण होतं?"

"मी," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

आत नेण्याआधी पाच मिनिटं भेटू दिलं. हिरव्या गाऊनमध्ये चाचा पहिल्यांदा मला त्यांच्या खऱ्या मापात दिसले. गाऊनमध्ये माणूस होता की नुसती काठी, कळेना. मला रडू आवरेना.

"काऊन केलं असं, चाचा?" मीही त्यांच्याच बोलीत गेले.

"तुमचं सेंटर बंद पडलं असतं ना."

"पडू द्यायचं होतं."

"चार वर्षांत लय डॉक्टर केले, ताई. टेबलाच्या पल्याडूनच पर्ची लिवत. पोटाले हात लावून कोनी नाई पाह्यलं. तुमी रोज शेक देत." दम लागला म्हणून थांबले. "आन् मले वाटलं, फरक तं पडनच. आज नाई तं उद्या. मी थोडा आधी लिवला, एवढंच."

तिसऱ्या दिवशी चाचा गेले.

स्टडीत पेशंट दगावला की सविस्तर रिपोर्ट द्यावा लागतो. मी सरांना फोन केला.

"डायरीप्रमाणे तो बरा होत होता," सर म्हणाले. "अचानक गुंतागुंत झाली असं लिहा."

"डायरी खोटी आहे, सर."

"असं तुम्ही म्हणता. पुरावा आहे का?"

पुरावा म्हणून ऑपरेशनआधीचं बोलणं होतं, पण ते फक्त मी ऐकलेलं. शोध घ्यायला म्हणून नाही, पण तोंड दाखवायला हवं म्हणून मी चाचींकडे गेले. त्या इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागे पाळायच्या दिवसांत, घरातच बसून होत्या. मला वाटलं होतं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी दिलं, बाजूला बसवलं आणि म्हणाल्या, "तुमचं नाव लय घेत."

मी सगळं सांगितलं. फोन, माझी बडबड, डायरी. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या आणि चाचांची रोजची राखाडी पँट घेऊन आल्या. उलटी करून माझ्या मांडीवर ठेवली.

पँटच्या मागच्या शिवणीला टेलर थोडं जास्तीचं कापड आत सोडतात. इथे ते कापड बोटभर नव्हतं, चांगलं पंजाएवढं होतं. त्यावर शिवणीच्या चार रेघा, एकीच्या आत एक. पहिली जुनी, पिवळट पडलेल्या दोऱ्याची. बाकीच्या तीन नव्या.

"एक जुम्मा सोडून दुसऱ्या जुम्म्याले नमाजीवरून आले की मशीनवर बसत," चाची म्हणाल्या. "मले वाटे, गिऱ्हाइकाचं काम हाय. एका दिवशी पाह्यलं तं सोताचीच पँट. म्हन्लं, एवढं आत घेऊन राह्यले, तं जास्तीचं कापड कापून काऊन नाई टाकत? टोचत नाई का?"

"मग?"

"म्हने, कापाचं नाई. बरा झालो की उसवून घेईन."

त्या रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. खरं तर मी त्यांना धीर द्यायला गेले होते.

त्यांना विचारून मी त्या शिवणीचा फोटो काढला, टेपने मापं घेतली आणि रिपोर्टला जोडली. माझी बडबडही लिहिली, फोनही लिहिला. सर चिडले. कमिटीने विचारपूस केली, चाचांची डायरी हिशोबातून काढली आणि रिव्ह्यूमध्ये मलकापूर सेंटर बंद झालं. बाकीच्या ठिकाणी स्टडी पुढे चालू राहिली. सुया आणि शेकाने त्या आजारात किती फरक पडतो, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी घरी पोळ्या लाटत बसले नाही. त्याच खोलीत स्वतःची प्रॅक्टिस करते. खाली दुकानदार अजून वासावरून कुरकुरतात. दारातच वजनकाटा ठेवलाय. पेशंट "बरं आहे" म्हणाला की आधी त्याला काट्यावर उभा करते, मग घरच्या माणसाला वेगळं विचारते. लोक म्हणतात, मॅडमचा कोणावर विश्वास नाही. म्हणू देत.

आणि पेशंटच्या अंगात सुया असताना मी फोन उचलत नाही.