पत्रेबापू आणि पळतं गाणं

"कान गेले म्हणतीस? अगं, ह्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी तो ड्रमवाला जरा हात आवरतो ना, तेवढ्यात मी जांभई देऊन परत तालावर येतो! लाव तुझं ते खेळणं. शेवटपर्यंत वाजवलं तर माझ्या कानाचं नाव ह्या घरात काढायचं नाही. हुकलो तर हातोडी तुझी."

बापू बोलून गेले आणि थोरल्या लेकीनं शब्द वरच्या वर झेलला. "आई, ऐकलंस ना? तू साक्षीदार."

"मी कुणाची साक्षीदार नाही. मी मटार सोलतीये," आई म्हणाली.

पत्रेबापू म्हणजे ठोकलेल्या गाड्या सरळ करणारा माणूस. कागदावरचं नाव पोस्टमनला ठाऊक असेल तर असेल. गाडी कुणी खांबावर घालो नाहीतर भिंतीवर, ती घरामागच्या शेडात यायची आणि आपण त्या गावचेच नाही असं तोंड करून परत जायची. त्यांची रीत अशी, की पत्र्याच्या आतून डाव्या हातानं लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून उजव्या हातानं हातोडी चालवायची. हातोडी नेमकी ठोकळ्यावर बसली तर पत्रा खणखणीत बोलतो, बाजूला पडली तर भद्द वाजतो. डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं. बापू तर डोळे मिटूनच ठोकायचे, आणि डोळे मिटलेत हे बघायला कुणीतरी समोर आहे ना, याची आधी खात्री करून घ्यायचे. ऐट करण्यात त्यांनी जन्मात कधी हात आखडता घेतला नाही.

पण गेल्या महिन्यात एका गाडीचं दार परत आलं. रंग चढल्यावर उन्हात त्यावर लाट दिसत होती, तळ्यावर वारा सुटल्यासारखी. शेडचा कारभार थोरली बघायची. गिऱ्हाइकासमोर तिनं मान खाली घातली आणि दुसऱ्याच दिवशी बापूंना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डावा कान मंदावलाय, असं निघालं.

"आता बसा घरी, बाबा."

"बसायला मी काय खुडूक कोंबडी आहे?"

ती धुसफूस चालू असतानाच थोरलीनं मैत्रिणीकडून हा खेळ आणला. टीव्हीला जोडायचा, पुढ्यात रबरी चकत्यांचा ड्रम मांडायचा. पडद्यावर वरून रंगीत टिकल्या घरंगळत येतात, रेघेवर टिकली आली की त्याच रंगाच्या चकतीवर काठी मारायची. चुका साठल्या की खेळ मधेच हाकलून देतो. तिनं सहज एक गाणं लावलं, गिटार गुरगुरली आणि आतल्या खोलीतले बापू अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आले.

नव्वदच्या दशकातलं ते गाणं. चार झिपऱ्या पोरांनी जीव खाऊन वाजवलेलं. शेडात तेव्हा एक टेपरेकॉर्डर होता आणि ऐकण्यालायक कॅसेट ही एकच. शब्द एक कळायचा नाही, पण त्या तालावर बापूंनी किती बॉनेट आणि मडगार्ड सरळ केली त्याला गणती नाही. लग्न ठरलं तेव्हाही हेच गाणं, थोरली झाली तेव्हाही हेच. म्हणून तर पैज लावताना त्यांनी मागचापुढचा विचार केला नाही.

गाणं सुरू झालं आणि बापूंचं अवसान गळायला लागलं. पहिली टिकली हुकली, दुसरी हुकली. बापू काठी उचलतात तोवर टिकली रेघ ओलांडून पसार! कडवं संपायच्या आत पडदा लाल झाला आणि खेळातल्या खोट्या लोकांनी खरीखुरी हुर्यो उडवली.

"परत लाव."

परत तेच. तिसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षा लवकर हाकललं.

थोरली हसली नाही. हसली असती तर बापूंना बरं वाटलं असतं. त्यांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. दाराची लाट त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. ते दार त्यांनी स्वतः ठोकलं होतं, डोळे मिटून, आणि हात फिरवून बघितलंही नव्हतं. बरोबर वाजलं असं वाटलं होतं. आता ह्या गाण्यालाही कान उशिरा पोचत असेल, तर हातोडी धरायची कुठल्या तोंडानं?

"अहो," आई मटारातून मान वर न काढता म्हणाली, "हे गाणं असं वाघ मागं लागल्यासारखं का पळतंय?"

"काय म्हणालीस?"

"आपलं असं नव्हतं. आपलं कसं, पोट भरल्यासारखं चालायचं. आणि गाणारा भरदार होता. हा तर करडासारखा ओरडतोय."

बापू ताडकन उठले, खिडकी उघडली आणि शेडाच्या दिशेनं ओरडले, "रंगाऱ्या! आहेस तसा इकडं ये!"

रंगारी म्हणजे बापूंचा जुना जोडीदार. बापूंनी सरळ करायचं, त्यानं रंगवायचं. सुट्टी असूनही एक मडगार्ड संध्याकाळी द्यायचं होतं, म्हणून तो शेडात बसून होता. तो कोपरापर्यंत राखाडी हात घेऊन दारात उभा राहिला. थोरलीनं गाणं लावलं. त्यानं थोडं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"कुणी नासवलं रे हे? काय घाई आहे ह्यांना, गाडी सुटतीये का?"

मग बापूंनी कपाळावर हात मारला. "पट्टा! अरे, टेपचा पट्टा!"

झालं होतं ते असं. कॅसेट नवी असतानाच टेपरेकॉर्डरचा आतला रबरी पट्टा तुटला. नवा आणायला जातो कोण? बापूंनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून एक पट्टी कापली आणि बसवली. पट्टी ढिली, घसरायची. टेप चालला, पण रमतगमत. पुढं सगळ्या शेडानं वर्षानुवर्षं ते गाणं सायकलच्या ट्यूबवर ऐकलं आणि गाणं असंच असतं असा समज करून घेतला.

खेळात सरावासाठी गाण्याचा वेग कमी करायची सोय होती. थोरलीनं पडद्यावरची वेगाची खूण खाली ओढली.

"अजून खाली," बापू म्हणाले. "अजून. जरा वर घे. हां! हेच."

गाणारा भरदार झाला. आईचे हात थांबले. बापूंनी काठ्या उचलल्या, समोर कोण कोण आहे ते एकदा बघून घेतलं आणि डोळे मिटले.

"बाबा, टिकल्या बघायच्या असतात."

"टिकल्या तू बघ."

एक टिकली सुटली नाही. शेवटच्या कडव्याआधी ड्रमवाल्यानं हात आवरला, तिथं बापूंनी मोठ्ठी जांभई दिली आणि परत आले ते नेमके ठोक्यावर. खोटे लोक टाळ्या पिटायला लागले. रंगाऱ्यानं चौकटीवर थाप मारली, तिथं राखाडी पंजा उमटला. आईनं तो पाहिला, पण त्या दिवशी पुसायला फडकं आणलं नाही. नवऱ्याकडे बघत बसली.

"ही काही पैज नव्हे," थोरली म्हणाली, पण तिला आवाज करडा ठेवता येईना. "गाणं मुळात पळतं आहे."

"मूळवाले घाईत होते. मी दुरुस्त केलं."

"आणि दार?"

बापूंनी काठ्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "दार माझंच चुकलं. ऐटीत हात फिरवला नाही. कान डावा मंद आहे, तेही खरं. पण ताल शाबूत आहे, बघितलास तू."

"बघितला. चारचौघांत सांगेन, माझ्या बापासारखा कान कुणाचा नाही," ती म्हणाली. "मात्र इथून पुढं तुम्ही ठोकलेल्या पत्र्यावर माझा तळवा फिरल्याशिवाय त्याला रंग लागणार नाही."

"तुझा तळवा? तो चालवायला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. म्हणून तर म्हणतीये."

ह्यावर बापूंची छाती अशी फुगली, की शर्टाचं वरचं बटण ताणलं. आपला कान एका पोरीच्या हाताखाली गेला याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण हात त्यांनीच तयार केलेला.

"चल रे," ते रंगाऱ्याला म्हणाले, "मडगार्ड राहिलंय. आणि पुट्टी कालवू नकोस इतक्यात. आधी मी, मग ही, मग तू."

शेडात जाऊन त्यांनी ठोकळा मडगार्डच्या पोटात घातला, उजवा कान पत्र्याकडे केला आणि कामाला लागले. थोरली बाह्या सारून शेजारी उभी राहिली.