डाव्या काखेखाली चार बोटं

मास्तरांचं दुकान म्हणजे पुढे एक मशीन, मागे एक पडदा आणि पडद्यामागे संसार. त्या रस्त्यावर एके काळी शिंप्यांची सात दुकानं होती. तयार कपड्यांनी सहा जणांचा निकाल लावला. मास्तर तेवढे तगले. शिलाई त्यांची चांगली होती म्हणावं, तर चांगल्या शिलाईला हल्ली कुत्रं विचारत नाही. ते तगले चोरखिशावर.

कपड्याच्या आतल्या अंगाला शिवलेला, बाहेरून शोधूनही सापडू नये असा तो खिसा. त्या भागात त्याची गरज प्रत्येकाला होती. एका बाजूला बसचा अड्डा, दुसऱ्या बाजूला मंडई आणि दोन्हींना जोडणारा लोखंडी पूल. पुलावर दिवसाढवळ्या माणूस नागवला जायचा आणि आजूबाजूचे नाकासमोर बघत पुढे जायचे. नवं बिऱ्हाड आलं की सामान लागायच्या आधी शेजारी धडे द्यायला हजर. फुटपाथच्या कडेने चालू नका, मोटारसायकलवाले पिशवी ओढतात. पुलावर कोणी वेळ विचारली तर थांबू नका. कोणी अंगावर काही सांडून पुसायला पुढे आला तर आधी स्वतःचं सामान धरा. फोन हातात मिरवू नका. आणि हे सगळं सांगून झालं की शेवटी म्हणायचे, मास्तरांकडून एक खिसा शिवून घ्या, म्हणजे झोप लागेल.

मास्तर स्वतः याच पुलावर लुटले गेले होते. तेव्हा ते विशीत होते, एका कारखान्यात काजं करत होते आणि पहिला पगार घेऊन निघाले होते. घरी काय सांगायचं या विचाराने ते पुलाच्या पायऱ्यांवर बसून रडले होते, हे त्यांच्या बहिणीशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच्या शर्टाला आतून कापडाचा तुकडा लावला. डाव्या काखेखाली चार बोटं सोडून. जागा त्यांनी डोकं लढवून शोधली होती. हात खाली असला की खिसा आपोआप झाकला जातो. गर्दीत नुसतं कोपर आत दाबलं की झालं, बघणाऱ्याला वाटावं माणूस अंग चोरून उभा आहे. शेजारच्या मशीनवाल्याने तसाच मागितला, मग त्याच्या मेव्हण्याने. असं करता करता तीस वर्षं झाली.

तीस वर्षं जागा तीच. शर्ट असो, कोट असो, बायकांचं जाकीट असो, डाव्या काखेखाली चार बोटं. खडूने खूण करायची वेळ कधीच येत नसे, हात आपला आपण तिथे जायचा. मास्तरांना या गोष्टीची भारी ऐट होती आणि ती त्यांना पोटात ठेवता येत नसे.

"डोळे बांधा माझे," ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "खिसा तिथेच बसेल. सुताचा फरक पडला तर नाव बदला माझं."

आणि वर उपदेश करायचे, "रस्त्यात खिशाला हात लावून बघायचं नाही बरं का. चाचपलंत की चोराला पत्ता दिलात म्हणून समजा."

कापलेला पहिला शर्ट आणला बँकेतल्या शिपायाने. पुलावर कोणीतरी ब्लेड मारलं होतं, आतलं सगळं गेलं होतं, रफू करून हवं होतं. मास्तरांनी हळहळ व्यक्त केली आणि रफू करून दिलं. पुढच्या आठवड्यात शाळेतल्या एक बाई जाकीट घेऊन आल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी टॅक्सीवाला आला. त्याचा शर्ट टेबलावर पसरला आणि मास्तरांचा हात थबकला.

ब्लेडचे काप त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. खिसेकापू जिथे फुगवटा दिसतो तिथे कापतो. मागचा खिसा कापतो, पिशवीचा तळ कापतो. हा काप कोऱ्या कापडावर होता, जिथे बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तीन बोटं लांब, सरळ, आणि मास्तरांच्या टाक्याला घासून गेलेला. मास्तरांनी काखेखाली आपली चार बोटं ठेवली. करंगळीला काप लागला. शिपायाचा शर्ट आठवला, बाईंचं जाकीट आठवलं.

"तुम्ही हात लावून बघत होता का?" त्यांनी टॅक्सीवाल्याला विचारलं.

"छे हो! तुम्हीच बजावलं होतं ना. त्याने थेट तिथेच हात घातला. माझ्या कातडीलाही लागलं, हे बघा." टॅक्सीवाल्याने बनियन वर केलं. बरगडीवर लाल रेघ होती.

तो गेल्यावर मास्तरांनी खुंटीवरच्या एका शर्टाकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी एक तरुण आला होता. नीटनेटका, मऊ बोलणारा, काका काका करणारा. दोन शर्ट शिवायला टाकले, एक नेला, दुसरा अजून खुंटीवर लोंबत होता. "सगळ्यांना इथेच शिवता का काका?" त्याने विचारलं होतं. आणि आपल्या मास्तरांनी, मशीन थांबवून, छाती फुगवून, त्याला सगळं सांगितलं होतं. जागा का निवडली ते सांगितलं. वर डोळे बांधायचीही गोष्ट सांगितली. तो हसला होता. किती छान ऐकून घेतो पोरगा, असं मास्तरांना वाटलं होतं.

पडद्यामागून बायको सगळं ऐकत होती. मास्तरांनी तिला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"कोणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग बोलू नका. अहो, या खिशावर चूल पेटते आपली. उद्या लोक म्हणतील, शिंप्यानेच चोरांना दाखवून दिलं. आतून सामील असेल त्यांना, म्हणतील. या वयात कुठे जायचं तोंड घेऊन?"

तिचं खोटं नव्हतं. पण तिने सांगितलं म्हणून मास्तर गप्प बसले असं म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्याय होईल. त्यांना गप्पच बसायचं होतं, तिने फक्त निमित्त दिलं. तीस वर्षं लोक रस्त्यात थांबवून त्यांचे आभार मानत होते. त्याच लोकांना जाऊन सांगायचं की तुमच्या अंगावर मी खूण करून ठेवली आहे? त्यांना धीर होईना.

नवे खिसे त्यांनी मागे, कॉलरच्या खाली शिवायला सुरुवात केली. हात सारखा काखेकडे वळायचा, त्याला दामटून मागे न्यावं लागायचं. जुन्यांसाठी त्यांनी एक पाटी लावली, "जुने खिसे फुकट दुरुस्त करून मिळतील." का, ते लिहिलं नाही. न मोडलेली वस्तू दुरुस्तीला कोण आणतो? चार जण आले, तेही बटणं लावून घ्यायला.

मास्तरांची ताई आली ती पाटी वाचूनच हसत. ही त्यांची थोरली बहीण. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करायला घरोघरी जायची. त्यांना अंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायची, दाढीसुद्धा करायची. दिवसाला तीन घरं, म्हणजे पूल सहा वेळा. तीन घरांच्या किल्ल्या तिच्याकडे असत आणि त्या ती भावाने शिवलेल्या जाकिटाच्या चोरखिशात ठेवत असे.

"काय रे, धंदा बसला की काय? फुकट वाटायला लागलास ते?"

"तुझं जाकीट टाकून जा ना. बघतो एकदा."

"त्याला काय धाड भरलीय? तू शिवलेलं मी मेल्यावर उसवायचं."

सांगून टाकावं, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. पण ताईच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या भागाला कळलं असतं. त्यांनी पुन्हा मशीनला पाय लावला.

आठवड्याने ती पुन्हा आली. उकाडा मरणाचा होता. तिने जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि पडद्यामागे जाऊन वहिनीशी गप्पा मारत बसली. तासभर तरी बसली असेल. जाकीट मास्तरांच्या हातापासून दीड हातावर होतं. खिसा उसवून मागे लावायला त्यांना दहा मिनिटं पुरली असती. त्यांनी ते उचललं, उलटं केलं, कात्री हातात घेतली. मग वाटलं, ही विचारील. हिला उत्तर द्यावं लागेल, आणि हिच्याशी खोटं बोलणं आपल्याला कधी जमलेलं नाही. त्यांनी जाकीट पुन्हा खुर्चीवर ठेवलं, होतं तसं. जाताना ताईने ते अंगात घातलं आणि म्हणाली, "येते रे."

चार दिवसांनी सरकारी दवाखान्यातून निरोप आला.

ताई खाटेवर उशीला टेकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. पुलावर, सकाळी दहाच्या सुमाराला, मागून धक्का बसला, काखेखाली काहीतरी थंड लागलं आणि तिने झटकन उजवा हात तिथे दाबला. ब्लेड तळव्यातून आणि बोटांतून गेलं. डॉक्टर म्हणाले, दोन बोटांच्या शिरा तुटल्यात, ती आता वाकायची नाहीत. त्या हाताने माणूस उचलता येणार नाही, वस्तरा धरता येणार नाही. हे तिला सांगून झालं होतं. तरी ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला मोठ्या तोंडाने गोष्ट सांगत होती.

"किल्ल्या नाही नेऊ दिल्या मेल्याला! हा बघा, हाच माझा भाऊ. याने शिवलेला खिसा."

शेजारची बाई कौतुकाने मास्तरांकडे बघायला लागली. मास्तरांनी मान खाली घातली.

"पण एक कळत नाही रे," ताई म्हणाली. "बाहेरून काही दिसत नाही. मी हातही लावला नव्हता. मेल्याने नेमकं तिथेच कसं मारलं?"

घरून आणलेल्या जेवणाच्या डब्याचं झाकण मास्तरांच्या हातात होतं. ते त्यांनी लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग सांगितलं. टॅक्सीवाल्याचा शर्ट, खुंटीवरचा शर्ट, तो मऊ बोलणारा पोरगा, सगळं. आवाज खाली ठेवला होता, तरी शेजारच्या बाईने ऐकलं आणि ती कूस वळवून पडून राहिली.

"तुला कधी कळलं हे?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"मधे मी दोनदा येऊन गेले."

"हो."

"जाकीट काढून ठेवलं होतं तुझ्यासमोर."

आता ही शिव्या घालील, असं मास्तरांना वाटलं. घालावी, असंही वाटलं. लहानपणापासून ती त्यांना सडकून शिव्या घालत आली होती आणि त्यानंतर सगळं ठीक होत आलं होतं. आज तिने एकही शिवी दिली नाही. तिने डावा हात वर करून डोळे पुसले आणि बांधलेल्या हाताकडे बघत राहिली.

"असे किती कपडे आहेत बाहेर?"

"मापाच्या वहीत आठशेच्या वर माणसं आहेत. पत्त्यांसकट."

"मग इथे काय करतोयस?"

"तुला जेवायला घालतो आणि..."

"मला इथल्या नर्सबाई घालतील. तू माझ्या डोळ्यांसमोरून जा."

मास्तर उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं. ताई डाव्या हाताने डबा उघडायचा प्रयत्न करत होती. ते परत फिरले नाहीत, कारण तिची धडपड आपण पाहिली, हे तिला कळलं असतं.

घरी जाऊन त्यांनी मापाची वही काढली. बायको आडवी आली नाही, वहीत खुणा करायला पेन्सिल तेवढी तिने शोधून दिली.

पहिलं नाव होतं एका टंकलेखकाचं, आता निवृत्त, मंडईमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांनी स्वतःच उघडलं. बाहेर निघायच्या तयारीत होते, पायांत चपला होत्या.

"या, या, मास्तर! सूनबाई, पाणी आण गं, मास्तर आलेत." म्हाताऱ्याचा चेहरा फुलला होता. "परवाच हिला सांगत होतो, या वयात या शहरात मी एकटा फिरतो तो या माणसाच्या भरवशावर." आणि त्यांनी डावं कोपर हळूच आत दाबून दाखवलं, तीस वर्षांपूर्वी मास्तरांनी शिकवलं होतं तसं.

"काका, शर्ट काढा."

"आं?"

"आधी शर्ट काढा. मग सांगतो."

म्हातारा हसला, काहीतरी गंमत असेल म्हणून, आणि बटणं सोडायला लागला. सून पाण्याचा पेला घेऊन आली. मास्तरांनी तो घेतला नाही. ते उभ्या उभ्याच सांगायला लागले, आणि दोन वाक्यांनंतर म्हाताऱ्याचा हात बटणावरच थांबला.