फ्रिस्कोतला काकघास

उडदाचे वडे तळल्याचा वास आला की मला फ्रिस्कोतल्या दादाच्या घराचं बॅकयार्ड आठवतं. बाबांचं पहिलं श्राद्ध होतं. वहिनीने मागच्या लाकडी डेकवर पान ठेवलं, पण संध्याकाळ झाली तरी एकही कावळा फिरकला नाही. शेजारच्या काकू दादाला म्हणाल्या, "त्यांचा जीव कशात अडकलाय ते बोल, मग शिवेल." दादाने हात जोडले. "बाबा, आईला मी इकडे घेऊन येतो. ती कायम माझ्याकडे राहील." तेवढ्यात डेकखालून गुलाबी नाकाचं एक राखाडी जनावर बिचकत बाहेर आलं. "अगं बाई, घूस," काकू मागे सरकल्या. "इट्स अ पॉसम, आंटी. इट्स जस्ट शाय," माझी पुतणी म्हणाली. दादाने जोरात टाळी वाजवली तसं ते जागीच आडवं झालं, तोंड उघडं, जीभ बाहेर, आणि कुजका वास. मेलं समजून आम्ही आत आलो. काचेतून बघतो तर थोड्या वेळाने त्याचे कान हलले, मग ते उठलं, पानावरचा भात आणि वडे सावकाश खाल्ले आणि कुंपणाखालून निघून गेलं. दादाने नागपूरला फोन लावला. "कावळा शिवला का रे?" आईने विचारलं. "हो, तुला इकडे आणतो म्हटलं आणि लगेच शिवला." आई फोनवरच रडायला लागली. ती अजून नागपुरात एकटीच राहते. तिच्या तिकिटाचा विषय काढला की दादा निपचित गप्प होतो. पॉसम निदान थोड्या वेळाने उठलं होतं.